संध्याकाळी पडणारा आकडा

आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून जे घर आहे ते ड्रायव्हरकाकांचं. उभं आयुष्य त्यांनी बस चालवली. गाडीत कुठे जरा खुट्ट झालं तरी ते आधी त्यांना कळायचं, मग मेकॅनिकला. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस हरवल्यासारखा झाला. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, भांग पाडून तयार व्हायचे आणि मग जायचं कुठे तेच कळायचं नाही. काकू म्हणायच्या, "घरात बसून बसून हे आता मलाच गिअर टाकतात."

मग त्यांनी घरावर सोलार बसवला. आमच्याकडे वीज जाण्याला काही धरबंध नव्हता, त्यामुळे कल्पना चांगलीच होती. गच्चीवर पॅनल आले, जिन्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या आल्या, आणि बोळातल्या भिंतीवर एक छोटा डबा आला. त्या डब्यावर हिरव्या आकड्यांत बॅटरीचे व्होल्ट दिसायचे. काकांनी स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून त्या डब्यासमोर ठेवली आणि त्यांना पुन्हा एक जागा मिळाली. समोर मीटर, हातात चहा. फक्त स्टेअरिंग तेवढं नव्हतं.

सोलार बसवणारा तरुण चटपटीत होता. जाताना तो म्हणाला, "काका, आकडा कसा वाचायचा तेवढं समजावून सांगतो."

काका हसले. "अरे, बॅटरी मला शिकवतोस? तू जन्मायच्या आधीपासून बॅटऱ्या सांभाळतोय मी. फक्त बंद कधी पडणार तेवढं सांग."

"दहा पॉइंट आठच्या खाली गेलं की आपोआप बंद पडेल."

"झालं तर मग."

बाकीचं काकांनी स्वतःच ठरवून टाकलं. दुपारी ऊन तापलं की डबा चौदा पॉइंट चार दाखवायचा. म्हणजे टाकी फुल्ल. दहा पॉइंट आठ म्हणजे टाकी रिकामी. हिशेब सरळ होता, डिझेलच्या काट्यासारखा. पण संध्याकाळी ऊन कलायचं आणि आकडा घसरायला लागायचा. घरात दिवासुद्धा लागलेला नसायचा तोवर तो बारा पॉइंट सातवर येऊन बसलेला असायचा.

"निम्मी टाकी!" काका खुर्चीवरून उठायचे. "दिवा लावायच्या आत निम्मी टाकी जाते कुठे?"

याच सुमारास आक्का त्यांच्याकडे राहायला आली होती.

आक्का म्हणजे त्यांची सगळ्यात थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवण्यात तिचं आयुष्य गेलं. आई लवकर गेली, तेव्हा या धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. शाळेतल्या त्याच्या डब्यापासून ते ड्रायव्हिंगच्या परीक्षेला त्याच्यासोबत जाऊन बाहेर बाकावर बसून राहण्यापर्यंत सगळं तिने केलं होतं. आता वर्षानुवर्षं मशीनचं पायडल मारून तिचे गुडघे कामातून गेले होते. ती राहायची ती इमारत पाडायला काढली, म्हणून काकांनीच तिला आणलं. मागची खोली रिकामी करून दिली, खिडकीला नवा पडदा लावला. मनापासून केलं सगळं, यात शंका नाही.

पण राहायला लागल्यावर थोडं थोडं टोचायला लागलं. आक्का त्यांना चारचौघांत "अरे धाकट्या" म्हणून हाक मारायची. त्यांनी घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायची. आणि गच्चीवरचे पॅनल पहिल्यांदा पाहून ती सहज म्हणून गेली होती, "एवढ्या सगळ्याची गरज होती का रे?" काकांना ते वाक्य लागलं होतं. बोलले नाहीत, पण विसरलेही नाहीत.

आक्काच्या सामानात विजेवर गरम होणारा एक शेकायचा पट्टा होता, गुडघ्याला गुंडाळायचा. पहिल्याच आठवड्यात काकांनी सांगितलं, "आक्का, तो पट्टा करंट फार खातो. सोलारवर लावू नकोस. बाहेरची वीज असली तरच लाव."

"बरं," आक्का म्हणाली.

मग तो संध्याकाळी पडणारा आकडा काकांच्या डोक्यात शिरला. बायको समोर असायची, ती काय लावते ते दिसायचं. दिसायचं नाही ते मागच्या खोलीतलं. तिथे दार लोटलेलं असायचं. काकांनी एकदा आडून विचारलं, "आक्का, दुपारी पट्टा लावतेस का गं?"

"नाही रे. तू नको म्हणालास ना."

काही दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. काकांना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. काकूंना ते म्हणाले, "आक्का खोटं बोलतेय."

"आक्का? अहो, काहीतरीच काय."

"मग हा आकडा बघ." काकांनी हाताला धरून काकूंना डब्यासमोर उभं केलं. "आकडा खोटं बोलतो का?"

काकूंना व्होल्टमधलं काही कळत नव्हतं. त्या परत स्वयंपाकघरात गेल्या.

एके दिवशी भर दुपारी काका डब्यासमोर बसलेले असताना आकडा धाडकन पडला. चौदा पॉइंट चारचा बारा पॉइंट नऊ झाला. खरं तर बाहेर एक ढग आला होता, बोळात बसलेल्या माणसाला तो दिसला नाही. काका ताडकन उठले आणि मागच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

आक्का पलंगावर पाय लांब करून बसली होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एका ब्लाउजला हूक लावत होती.

"आत्ता काय लावलं होतंस?"

"कुठे काय?"

"आक्का, मी आकडा बघून आलोय. आत्ताच्या आत्ता पडलाय. पट्टा काढून ठेवलास ना मला येताना ऐकून? सरळ सांग."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातली सुई ब्लाउजला टोचून ठेवली.

"हो रे," ती म्हणाली. "लावते कधी कधी. गुडघा फार दुखला की लावते. चुकलं माझं."

काकांना जिंकल्यासारखं वाटलं. हे त्यांनी पुढे मला स्वतःच सांगितलं, मान वर न करता. "त्या क्षणी मला बरं वाटलं रे. बहीण चुकलं म्हणतेय आणि मला बरं वाटलं."

आक्काने कपाट उघडून पट्टा काढला, वायर नीट गुंडाळली आणि काकूंच्या हातात नेऊन दिला. "तुझ्याकडे ठेव गं. माझ्याकडे असला की मोह होतो."

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण काकांच्या पोटात हे राहीना. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं. आमची बॅटरी आक्का पिते. भाचीला, म्हणजे मधल्या बहिणीच्या मुलीला, फोनवर सांगितलं. गल्लीत हा विनोदच होऊन बसला. काका दिसले की कोणीतरी विचारायचं, "काय, आज आक्कांनी किती प्यायली?" आणि काका हात उडवून म्हणायचे, "अर्धी!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का दोरा आणायला म्हणून बाहेर गेली आणि दोरा न घेताच परत आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी जरा भाचीकडे राहून येते." कोणी फार आग्रह केला नाही. काका तिला बसस्टॉपपर्यंत सोडून आले, बॅग वर चढवून दिली, आणि घरी येऊन सगळ्यात आधी मागच्या खोलीचं बटण खाली पाडलं. त्या खोलीकडे जाणारा करंटच बंद. मग चहा करून घेतला आणि डब्यासमोर खुर्चीत बसले, आज आकडा कसा जागच्या जागी राहतो ते बघायला.

ऊन कललं. आकडा घसरला. चौदा पॉइंट चार, मग तेरा पॉइंट पाच, मग तेरा. दिवेलागणीच्या आधी बारा पॉइंट सात.

काका स्वयंपाकघराच्या दारात गेले. "आता तू काय लावलंस?"

काकू विळीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि नवऱ्याकडे असं काही पाहिलं की काका तिथेच थबकले.

"आक्का गेल्या," काकू म्हणाल्या. "आता माझी पाळी का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी घराचं सगळंच बंद केलं. मेन बटण खाली. फ्रीज बंद, पंखे बंद, काकूंना शेजारी पाठवलं. डब्यावर चौदा पॉइंट चार होते. मग त्यांनी गच्चीवरच्या पॅनलचं बटणही खाली पाडलं आणि समोर उभे राहिले.

आकडा पडायला लागला. घरात कोणी नाही, काही चालू नाही, मागची खोली रिकामी, आणि आकडा पडतोय. आधी भरभर, मग हळूहळू. काका घामाने भिजून उभे. बारा पॉइंट सातवर आकडा येऊन टेकला आणि तिथेच बसला. हलेना. बराच वेळ उभे राहिले तरी तिथेच.

त्यांनी पॅनलचं बटण वर केलं. आकडा पुन्हा वर चढायला लागला.

आणि मग त्यांना बस आठवली. बसच्या डॅशबोर्डवर असाच एक काटा असायचा. इंजिन चालू असलं की काटा वर, कारण इंजिन बॅटरीत करंट ढकलत असायचं. डेपोत गाडी लावली, चावी फिरवली, इंजिन थांबलं की काटा खाली येऊन आपल्या जागेवर बसायचा. वर्षानुवर्षं, दिवसातून कितीदा तरी त्यांनी ते पाहिलं होतं. नव्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं, की गाडी चालू असताना काट्यावर जाऊ नकोस, उभी राहू दे, मग बघ. इंजिन बंद केल्यावर काटा पडला म्हणून त्यांनी कधी कंडक्टरची कॉलर धरली नव्हती.

म्हणजे हे त्यांना माहीत होतं. नवं काहीच नव्हतं. ऊन म्हणजे इंजिन, एवढंच जोडायचं होतं, आणि ते त्यांनी जोडलं नव्हतं. का जोडलं नव्हतं, तेही त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि ते जास्त वाईट होतं. "गरज होती का" हे आक्काचं वाक्य त्यांना लागलं होतं, आणि दार लोटलेल्या तिच्या खोलीतच चोर सापडावा असं त्यांना मनातून हवं होतं.

तरी त्यांनी सोलारवाल्याला फोन लावला. कुठेतरी आशा होती, की तो म्हणेल, बॅटरी खराब आहे काका.

"ऊन असताना दिसतो तो आकडा बॅटरीचा नसतोच," तो म्हणाला. "चार्जिंग चालू असतं, त्या ढकलण्याचा असतो. ऊन गेलं, सगळं बंद ठेवलं आणि थोडा वेळ थांबलं, की मग दिसतो तो खरा. किती दाखवतंय?"

"बारा पॉइंट सात."

"मग भरलेली आहे की! याहून जास्त काय हवं?"

"भरलेली? निम्मी नाही?"

"निम्मी असती तर बारा पॉइंट दोनच्या आसपास दिसलं असतं. सकाळी ऊन यायच्या आत बघत जा ना. रात्रभर काय वापरलं ते तेव्हा कळतं. मी सांगणार होतो त्या दिवशी, पण तुम्ही म्हणालात..."

"हो," काका म्हणाले. "म्हणालो होतो."

सकाळी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. रोज संध्याकाळी भरलेल्या बॅटरीसमोर उभं राहून ते चोर शोधत होते.

काकू शेजारून परत आल्या तेव्हा काका अंधाऱ्या बोळात तसेच बसलेले. त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"आक्का असं करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही मला आकडा दाखवलात."

भाचीच्या गावी जायला काका बसनेच निघाले. ओळखीचा ड्रायव्हर होता. त्याने पुढे केबिनमध्ये बोलावलं, तर काका नको म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. व्होल्टचं आधी समजावून सांगायचं, की माफी आधी मागायची? सगळा रस्ता त्यातच गेला.

भाचीने दार उघडलं. एरवी "मामा आला!" म्हणून ओरडणारी पोर. आज तिने नुसतं "ये मामा" म्हटलं आणि बाजूला झाली.

आक्का गॅलरीत बसली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी, मांडीवर भाचीच्या पडद्याची उसवलेली शिवण. काका समोर स्टुलावर बसले. जुळवलेलं सगळं विसरले.

"आक्का, तू पट्टा लावला नव्हतास."

"नव्हता," आक्का म्हणाली. सुई चालूच होती.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग हो का म्हणालीस गं?"

आक्काने दोरा दातांनी तोडला. "नाही म्हणाले होते ना आधी. दोनदा. तुला पटलं नाही. म्हटलं, हो म्हणावं, निदान विचारायचा तरी थांबशील."

काकांनी मान खाली घातली. मग घाईघाईने ते चार्जिंगचं सांगायला लागले, चौदा पॉइंट चार का दिसतं आणि बारा पॉइंट सात म्हणजे कसं भरलेलंच असतं. आक्काने थोडं ऐकलं आणि हात वर केला.

"ते मला काही कळत नाही रे. पण तुला कळतं असंच मी धरून चालले होते. मला वाटलं, एवढं तू म्हणतोयस तर माझ्याच हातून काहीतरी चालू राहत असेल. रेडिओची वायरसुद्धा काढून ठेवायचे मी. दिवा लावायचा सोडला, खिडकीत बसून शिवायचे. तरी तुझा आपला आकडा पडतोच. म्हातारपणी मला भ्रम झाला की काय, अशी भीती वाटायला लागली होती."

ते म्हणाले, "चुकलं माझं," आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं, की हेच शब्द त्या दुपारी पलंगावर बसून आक्काने म्हटले होते, काहीही न चुकता. त्यांना आपलं म्हणणं स्वस्त वाटलं.

"घरी चल."

"येईन. इतक्यात नाही."

काका एकटे परत आले. बसमधून उतरले ते आधी किराणा दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, नेहमीचे दोघे-तिघे बाकावर होते, मीही होतो. एकाने सवयीने विचारलं, "काय काका, आता तर बॅटरी फुल्ल असेल?"

"बॅटरी आधीपासून फुल्लच होती," काका म्हणाले. "मला आकडा वाचता येत नव्हता. आक्काने काही लावलं नव्हतं. मी उगाच तिचं नाव घेतलं."

सगळे हसले. त्यांना वाटलं ही नवी गंमत. काकांनी पुन्हा तेच सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. मग कोणी हसलं नाही. दुकानदार काऊंटरवरचे डाग फडक्याने पुसत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, एक सांगू का? त्या दोरा घ्यायला आल्या होत्या ना, तेव्हा मीही बोललो त्यांना. गंमत म्हणून. बॅटरी संपली वाटतं, म्हटलं. त्या तशाच परत गेल्या."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"जाऊ द्या हो, गंमत होती," बाकावरचा एक जण म्हणाला.

"माझी होती गंमत," काका म्हणाले. "तिची नव्हती." आणि काही न घेता ते दुकानातून बाहेर पडले.

आक्का परत आली ती थंडी सरल्यावर. काकांनी तिच्या पलंगाजवळ नवीन सॉकेट बसवून घेतलं होतं, पट्ट्यासाठी. मागच्या खोलीचं दार आता ते वाजवल्याशिवाय कधी उघडत नसत. आक्का पूर्वीसारखीच बोलायची, टॉवेलच्या घड्या मोडायची, "धाकट्या" म्हणायची. बदललं होतं एकच. आता ती विचारायची.

"दिवा लावू का रे?"

"रेडिओ लावला तर चालेल का?"

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर काकांना परवडलं असतं. अंगवळणी पडलं होतं तिच्या. काकांनी एकदा हात जोडले, "आक्का, विचारू नकोस गं. घर तुझं आहे." ती म्हणाली, "बरं." आणि संध्याकाळी बटणावर हात ठेवून तिने पुन्हा विचारलं.

उन्हाळ्यात भाची भेटायला आली. दुपारची वेळ, सगळे मागच्या खोलीत बसलेले, उकाड्याने जीव नकोसा झालेला. आक्का उठली, बटणाजवळ गेली आणि म्हणाली, "पंखा लावू का रे धाकट्या?"

भाचीने मामाकडे पाहिलं. काकू पदराने वारा घेत होत्या, त्यांचा हात थांबला.

"बघितलंस?" काका भाचीला म्हणाले. "ही अशी विचारते. मी विचारायला लावलंय तिला. माझ्याहून एवढी मोठी, मला वाढवलं हिने, आणि माझ्या घरात पंख्याला परवानगी मागते. मला आकडा वाचता आला नाही म्हणून."

"पुरे रे," आक्का म्हणाली. "किती जणांना सांगत बसशील? पोरगी घामाघूम झालीय, लावू की नको तेवढं सांग."

भाचीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. काका उठले. आक्काच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

आक्का अजून त्याच खोलीत राहते, आणि अजून विचारते. काका आधी बसल्या जागेवरून "लाव ना" म्हणायचे. आता म्हणत नाहीत. कुठेही असले तरी हातातलं काम टाकून उठतात, तिच्यापर्यंत जातात आणि बटण आपण दाबतात. मी एकदा म्हटलं, "अहो, नुसतं हो म्हटलं तरी पुरे की."

"नको," ते म्हणाले. "बसून हो म्हटलं की परवानगी दिल्यासारखं वाटतं."